कुणाचं कापड, कुणाच्या अंगावर

पाटोद्याच्या आठवडी बाजारात, कपड्यांच्या पालापुढे तुम्ही उभे आहात. दोरीवर लटकणाऱ्या विजारींतली एक तुमच्या नजरेत भरलीय: हिरवी-तपकिरी, धब्ब्या-धब्ब्यांची, मांडीवर मोठाले खिसे. पालवाला म्हणतो, "घ्या दादा, मिल्ट्रीची हाय. फाटत नसती." ती मिल्ट्रीची नाही हे त्यालाही ठाऊक आहे आणि तुम्हालाही. तरी तो शब्द कानावर पडला की कापडाला वजन येतं.

बाजूला कोथिंबिरीची जुडी निवडत एक गृहस्थ उभे आहेत. पाठ ताठ, मिशा कातरलेल्या, बुटांना पॉलिश. गाव त्यांना मेजर म्हणतं. निवृत्त झाले तेव्हा ते हवालदार होते. पण आपल्याकडे फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच. ही बढती गाव परस्पर देऊन टाकतं, कुणी हरकत घेत नाही. मेजर विजारीकडे बघतात, मग तुमच्याकडे. "घाला की. पण कुठल्या पलटणीची म्हणून कुणी इचारलं तर काय सांगाल?"

तुम्ही हसून पैसे देता आणि पालामागच्या आडोशाला जाऊन विजार चढवून बघता.

बाहेर येता तेव्हा पाल नाही, बाजार नाही. पायाखाली कच्चा रस्ता आहे आणि तो सौताड्याच्या दिशेनं, म्हणजे जामखेडकडे चाललाय. पावसाळा सरत आलाय, दोन्ही बाजूंना बाजरी कणसात आहे आणि दरीत कोसळणाऱ्या विंचरणेचा आवाज लांबून येतोय. साल १९४८, सप्टेंबरचा पहिला आठवडा. तुम्ही उभे आहात ते राज्य निजामाचं. पलीकडचं जामखेड नगर जिल्ह्यात, म्हणजे हिंदुस्थानात. इकडे हाली सिक्का चालतो, तिकडे कलदार रुपया. मधे करोडगिरीचा नाका.

तुमच्या पुढे डोक्यावर गाठोडं घेतलेली एक म्हातारी आणि तिच्या चार शेळ्या. समोरून एक माणूस येतोय. अजून इतका लांब आहे की तोंड दिसत नाही, पण रंग दिसतो. खाकी. म्हातारी एक शब्द न बोलता शेळ्या बाजरीत घालते आणि स्वतःही वाकून आत शिरते. तुम्ही रस्त्यातच.

"ए पोरा, आत ये! कोन हाय ते कळू दे आदी."

कोण असेल, याला त्या दिवसांत निदान तीन उत्तरं होती. नाक्यावरचा किंवा ठाण्यातला सरकारी शिपाई. सैन्यातून रजेवर आलेला एखादा. किंवा रझाकार: लातूरच्या वकिली पेशातून पुढे आलेल्या कासिम रझवीच्या संघटनेचा स्वयंसेवक, ज्याच्या अंगावर खाकी होती, हातात हत्यार होतं आणि ज्याचं नाव कुठल्याही सरकारी हजेरीपटावर नव्हतं. शिपायानं लाच मागितली तर ती किती असते हे लोकांना माहीत होतं. रझाकारानं काय मागावं याला मोजमाप नव्हतं. तिघांचं कापड जवळपास एकच, म्हणून लोक कापड सोडून बाकीचं वाचायला शिकले: पायात बूट आहेत की चपला, पट्टा कसा बांधलाय, चालताना पाऊल पडतं कसं. बाजरीत बसलेली म्हातारी आत्ता तेच वाचतेय.

माणूस जवळ येतो, निघून जातो. शिपाईच होता. तुमच्या धब्ब्यांच्या विजारीकडे त्यानं एकदा पाहिलं आणि तुम्हाला बहुरूपी समजून सोडून दिलं. या बहुरूप्याकडे आपल्याला पुन्हा यावं लागणार आहे.

तुम्ही दहा-बारा दिवस तिथंच थांबलात तर पुढचंही दिसेल. १३ सप्टेंबरला भारतीय फौजा संस्थानात शिरतात. १५ तारखेला जालन्याहून लातूरकडे उतरलेली तुकडी मोमिनाबादेत, म्हणजे आपल्या अंबाजोगाईत पोचते. तिथली निजामाची तिसरी गोवळकोंडा लान्सर्स नावापुरता प्रतिकार करून शस्त्रं खाली ठेवते. १७ला निजाम शरण येतो आणि एका रात्रीत खाकीचा अर्थ फिरतो. आदल्या दिवशी जे कापड भीती घालत होतं, ते आता ज्याच्या घरात सापडेल त्याचा जीव धोक्यात. त्यानंतरच्या दिवसांत मराठवाड्यात सूडाच्या नावाखाली मुसलमान वस्त्यांवर जे झालं, ते पंडित सुंदरलाल यांच्या समितीनं जिल्ह्याजिल्ह्यांत फिरून नोंदवलं. त्यात आपला बीडही आहे. मारल्या गेलेल्या कितीकांनी आयुष्यात कधी खाकी घातली नव्हती. मुक्तिसंग्रामाच्या दिवशी आपण हे पान सहसा उलटून जातो; तुम्ही तिथं उभे आहात म्हणून सांगितलं.

खाकीखाली आणखी एक कापड आहे. हिरवं.

ते बघायला तुम्हाला पाटोद्याहून पूर्वेकडे, बालाघाटाच्या पठारावरून मोमिनाबादेला जावं लागेल आणि साल सुमारे १८९० धरावं लागेल. छावणीची वेळ सकाळची. घोड्यांना तोबरे लावलेत, लीद आणि ओल्या चामड्याचा वास आहे, कुणीतरी नाल ठोकतोय. हे हैदराबाद कंटिंजंटचं घोडदळ. नाव हैदराबादचं, पण निजाम त्यांना हुकूम देऊ शकत नाही. १८५३च्या तहानं या फौजेच्या खर्चापोटी वऱ्हाड इंग्रजांकडे गेलं, आणि फौजेवर साहेब इंग्रजच. याशिवाय निजामाचे स्वतःचे अरब आणि रोहिले वेगळे, सिकंदराबादेची इंग्रजी फौज वेगळी. कोण कुणाचा हे पाटोद्यासारख्या गावच्या पाटलाला कागदावरून कधीच कळलं नसतं. डगल्याच्या रंगावरून कळायचं. कंटिंजंटच्या रिसाल्यांचा डगला गर्द हिरवा.

तंबूच्या दोरीवर असाच एक डगला उन्हात टाकलाय. तुम्ही नकळत त्याच्या बाहीला हात लावता.

"हात नक्को लगाव." मागे दफेदार उभा आहे. दख्खनी मुसलमान, दाढी मेंदीनं रंगवलेली. आवाज चढलेला नाही, पण तुमचा हात खाली येतो. "सरकार का नै वो. मेरा है."

यातच सगळी मौज आहे. हे शिलेदारी घोडदळ. शिलेदार आणि बारगीर हे शब्द आपण शाळेत शिवकाळाच्या धड्यात शिकलो: स्वतःचा घोडा असतो तो शिलेदार, सरकारी पागेतल्या घोड्यावर बसतो तो बारगीर. इंग्रजांनी ती जुनी पद्धतच उचलून आपल्या हिंदी रिसाल्यांना लावली. भरती होताना स्वारानं ठरावीक रक्कम भरायची, तिला आसामी म्हणत. त्यातून घोडा आणि सामान. डगला, बूट, लुंगी म्हणून ओळखला जाणारा फेटा, खोगीर, भाला, सगळं त्याच्या खर्चानं. सरकार देणार ती बंदूक. नोकरी सोडताना आसामीचे पैसे परत. ऐपतदार स्वाराजवळ एकाहून जास्त आसाम्या असत आणि त्यांवर तो आपले बारगीर बसवी.

म्हणजे डगला दफेदाराच्या मालकीचा. कायद्यानं बघितलं तर तो विकायला मोकळा. तुम्ही तसं विचारून बघता: साहेब, पैसे देतो, हा डगला मला द्या.

दफेदार हसतो. डगला घे, म्हणतो, उद्या सकाळच्या हजेरीला नाव पुकारलं की उत्तर कोण देणार? कापड त्याचं, पैसे त्याचे; घालायचा हक्क मात्र हजेरीपटावर. आणि त्या पटावर त्याच्या बापाचंही नाव होतं.

बाप कुठं लढला हे मात्र विचारू नका. विचारलंत तर तो अभिमानानं सांगेल आणि तुमची पंचाईत होईल. १८५८ साली सर ह्यू रोजच्या मध्य हिंदुस्थानातल्या मोहिमेत हैदराबाद कंटिंजंट मेजर ऑरच्या हाताखाली होतं. झाशीला वेढा पडला तेव्हा हे लोक बाहेरच्या बाजूला होते. राणी लक्ष्मीबाई किल्ल्यातून निसटली तेव्हा भांडेरपर्यंत तिचा पाठलाग करणारा लेफ्टनंट डाउकर याच कंटिंजंटचा. ज्या राणीची तसबीर तुमच्या घरात आहे, तिच्यामागे धावलेले घोडे या डगल्याच्या लोकांचे होते.

एवढ्यावर डगला टाकून द्यावासा वाटला तर जरा थांबा, कारण तो पुढं चालत राहतो. १९०३च्या सुमारास कंटिंजंट मोडून हिंदी सैन्यात मिसळलं, आणि त्यातून २०वी डेक्कन हॉर्स आणि २९वी लान्सर्स ही नावं आली. १४ जुलै १९१६ला, फ्रान्समध्ये सोमच्या लढाईत, बाझांतॅंजवळच्या उभ्या पिकातून २०व्या डेक्कन हॉर्सनं मशीनगनच्या जमान्यात भाले घेऊन घोडे घातले. महायुद्धानंतर या दोन रेजिमेंट एक झाल्या आणि शिलेदारी पद्धतही संपली. तीच रेजिमेंट आज भारतीय सैन्यात डेक्कन हॉर्स, ९ हॉर्स या नावानं आहे, आणि सप्टेंबर १९६५ला असल उत्तरच्या शेतांत पाकिस्तानचे पॅटन रणगाडे अडवणाऱ्यांत तिचे शर्मन होते. झाशी, सोम, असल उत्तर. लाज वाटलेली लढाई उसवून उरलेला डगला मिरवता येत नाही. घरात असा एखादा जुना डगला निघाला आणि नातवाला तो घालावासा वाटला, तर मी त्याला अडवणार नाही. फक्त तिन्ही लढायांची नावं त्याला पाठ असावीत.

हिरव्याच्याही खाली एक थर आहे, आणि तो चौकटीचा.

१८०३, ८ ऑगस्ट. तुम्ही नगरच्या पेठेच्या तटाबाहेर. पाटोद्यापासून बैलगाडीच्या काही मजला पश्चिमेला. नगर शिंद्यांचं, पाटोद्याकडचा मुलूख निजामाचा, आणि निजाम इंग्रज-मराठ्यांच्या या युद्धात ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूला. कंपनीच्या फौजेचा सेनापती आर्थर वेलस्ली, जन्म डब्लिनचा, म्हणजे आयर्लंडचा. पुढं वेलिंग्टन म्हणून गाजला तोच. तटाला शिड्या लागताहेत आणि त्या चढणाऱ्यांत ७८वी हायलँडर पलटण आहे, स्कॉटलंडच्या डोंगराळ भागातली. आपल्या बाजूच्या लोकांनी असे गोरे आधी फारसे पाहिलेले नसावेत.

त्यांच्या पलटणीचं कापड मॅकेन्झी टार्टन: हिरव्या-निळ्या चौकटी, वर पांढरी आणि तांबडी रेघ. आपल्याला ती चौकटीची लुंगी वाटेल. पण शिडीखाली वाट बघत असलेल्या त्या पोराला विचारा. १७४६ला हायलँडरांचं बंड मोडल्यावर लंडनच्या पार्लमेंटनं डोंगरी पोशाख घालायलाच बंदी केली. पहिल्यांदा सापडला तर सहा महिने कैद, दुसऱ्यांदा सात वर्षं समुद्रापार. बंदी उठली १७८२ला. त्या सगळ्या काळात हा पोशाख उघडपणे घालायची मुभा एकालाच: राजाच्या सैन्यातल्या शिपायाला. म्हणजे याच्या आजोबाला घरच्या अंगणात जे घालता येत नव्हतं, ते पलटणीत शिरलं की घालता येई. पराभूत माणसाचं कापड काढून घ्यायचं आणि तो चाकरीला आला की गणवेश म्हणून परत द्यायचं, यापेक्षा धूर्त भरती मला माहीत नाही.

म्हणून टार्टनला फौजेचा वास आहे, आणि म्हणून त्याचे शिष्टाचारही निघाले. त्यांचा मथितार्थ एवढाच: चौकटीचं कापड कुणीही घालावं, त्याला कायद्याची आडकाठी नाही. पलटणीच्या नावानं ओळखला जाणारा टार्टन घालताना मात्र आपलं किंवा आपल्या माणसांचं त्या पलटणीशी नातं काय हे सांगता यावं. आणि पलटणीचा बिल्ला, बटणं, टोपीवरचा तुरा यांना नोकरी न केलेल्यानं हात लावू नये. आयर्लंडची गोष्ट थोडी निराळी. तिथल्या पलटणींचे बॅगपाइप वाजवणारे चौकटी घालत नाहीत, एकरंगी केशरी किल्ट, म्हणजे ती लुंगीसारखी गुंडाळी, घालतात. आयर्लंडच्या परगण्यांच्या नावांनी जे टार्टन आज विकले जातात ते बहुतेक १९९०च्या दशकात कापडवाल्यांनी बाजारासाठी काढलेले. जुनं म्हणून विकलं जाणारं कापड अनेकदा विकणाऱ्यापेक्षाही तरुण असतं, तिथंही आणि आपल्या लग्नांत भाड्यानं मिळणाऱ्या पेशवाई थाटातही.

पाइप मात्र इथंच राहिले. भारतीय पायदळाचे पाइप बँड आजही खांद्यावर टार्टन घेऊन चालतात. नगर पडल्यावर सहा आठवड्यांनी, २३ सप्टेंबरला, आजच्या जालना जिल्ह्यातल्या असईला लढाई झाली. तिथं लढलेल्या ७८व्या आणि ७४व्या पलटणींना आणि १९व्या ड्रॅगून घोडदळाला कंपनीनं हत्तीचं चित्र असलेली मानाची निशाणं दिली. तो असईचा हत्ती आज आपल्या मद्रास रेजिमेंटच्या बिल्ल्यावर आहे. शिंद्यांच्या कंपूतले जे शिपाई असईच्या शिवारात पडले, त्यांच्या आठवणीचा बिल्ला कुणाच्याच टोपीवर नाही. एवढा हिशेब बाकी आहे आणि तो कुणी मागतही नाही.

आता बहुरूपी.

वर या. सत्तरचं दशक असेल, ऐंशीचं असेल. गाव पाटोदा तालुक्यातलं कुठलंही. दुपारी गल्लीत फौजदार शिरतो. डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा, हातात छडी, काखेत वही. तुमच्या ओट्यापाशी थांबून दरडावतो की तुमच्या नावानं वॉरंट आहे, चला ठाण्यात. पोरं पांगतात. नवी सून दाराआड. आजी मात्र आतून पसाभर ज्वारी घेऊन येते, कारण तिनं बूट पाहिलेत. फौजदार वही मिटून मिशीत हसतो. हा वेश पिढ्यान्‌पिढ्यांचा, आणि त्याचा नियम पक्का: फसवणूक क्षणाची, नंतर उघड व्हायचंच, आणि दक्षिणा उघड झाल्यावर घ्यायची, आधी नाही. आधी घेतली तर तो बहुरूपी नव्हे, भामटा.

आपला कायदा जवळजवळ याच ठिकाणी रेघ ओढतो. भारतीय दंड संहितेचं कलम १४० हे सांगत होतं: सैनिक नसताना, आपण सैनिक आहोत असं लोकांना वाटावं या इराद्यानं सैनिकाचा पोशाख घातला किंवा खूण बाळगली तर तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. १ जुलै २०२४पासून भारतीय न्याय संहितेत तेच कलम १६८ झालं. कैद तेवढीच, दंड दोन हजारांपर्यंत. कायदा इरादा बघतो. बंदी असलेल्या ठिकाणी शिरायला गणवेश वापरला तर प्रकरण १९२३च्या शासकीय गुपितांच्या कायद्यात जातं, आणि ते हसण्यावारी नेण्यासारखं नाही.

पण इरादा डोळ्यांना दिसत नाही. जानेवारी २०१६ला पठाणकोटच्या हवाई तळावर लष्करी पोशाखातले दहशतवादी शिरले, आणि त्यानंतर सैन्यानं लोकांना आवाहन केलं की फौजेच्या नमुन्याचे कपडे घालू नका, दुकानदारांना सांगितलं की विकू नका. पहाऱ्यावरच्या जवानाला एका क्षणात ठरवायचं असतं की समोरचा आपला की परका. १९४८ला बाजरीत बसलेल्या म्हातारीची अडचण आज त्याच्यावर आहे, फक्त त्याला बाजरीत लपता येत नाही. १५ जानेवारी २०२२च्या सेनादिनाला सैन्यानं नवा, बारीक चौकोनी ठिपक्यांचा लढाऊ गणवेश दाखवला. राष्ट्रीय फॅशन तंत्रज्ञान संस्थेबरोबर बनवलेला हा नमुना पुढं सैन्यानं आपल्या नावावर नोंदवून घेतला, म्हणजे बाजारात त्याची नक्कल करणाऱ्यावर दावा लावता यावा. कापडाच्या नक्षीची मालकी सरकारदरबारी नोंदवण्यापर्यंत वेळ आली, ती आपल्यासारख्या गिऱ्हाइकांमुळेच.

तेव्हा विजारीबद्दल माझं मत सरळ आहे. जुन्या धब्ब्यांची, बिनबिल्ल्याची, शेतात घालायची असेल तर घाला; चिखलाला आणि बोरीबाभळींना ती बरी. नव्या ठिपक्यांच्या नमुन्याची असेल तर घेऊ नका, आणि पालवाल्याला तसं सांगा. रेल्वे स्टेशनवर, छावणीच्या आसपास, निवडणुकीच्या बंदोबस्ताच्या दिवशी कुठलीच घालू नका. बिल्ला, खांद्यावरची फीत, रेजिमेंटचं बटण आणि टोपी विकत मिळाली तरी घेऊ नये. १५ ऑगस्टला मेजर आपल्या साध्या कोटावर डाव्या छातीला पदकं लावून येतात, ती त्यांची. मुलानं-नातवानं गेलेल्या माणसाची पदकं लावायचीच तर उजव्या बाजूला, ही इंग्रजांकडून आलेली रीत चांगली आहे. बघणाऱ्याला लगेच कळतं की पदक कमावलेलं नाही, जपलेलं आहे.

आणि तुमच्या घरात, माळ्यावरच्या ट्रंकेत, कुणाचा जुना डगला, पट्टा किंवा बिल्ला असेल तर तो घालून फोटो काढण्याआधी एक काम करा. घरातलं सगळ्यात थकलेलं माणूस गाठा आणि नाव, नंबर, पलटण, भरतीचं आणि सुटण्याचं साल एका कागदावर लिहून त्याच ट्रंकेत ठेवा. सुटीचा दाखला किंवा पेन्शनचा कागद सापडला तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात दाखवा. हे काम या दिवाळीच्या सुटीतच उरका.